उत्तर क्रमांक सात

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला पळवाट राहणार नाही. सुनंदा कांबळे नावाच्या बाईंनी मला व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, "सर, कागदाच्या मागच्या बाजूला पण काहीतरी लिहिलंय. त्याचा फोटो पाठवू का?" मी तेव्हा हैदराबादेत, कुकटपल्लीच्या सिग्नलला स्कूटरवर होतो. माझ्या फोनमध्ये तयार उत्तरांची यादी होती. तिच्यातलं सातवं उत्तर मी अंगठ्याने दाबलं. "मागच्या बाजूला सहसा कार्यालयीन शेरे असतात. त्यांचे भाषांतर आवश्यक नसते. धन्यवाद." खाली जोडलेल्या हातांचं चित्र. सिग्नल सुटला आणि मी निघालो.

ते उत्तर कोणा नोकराने पाठवलं नव्हतं. यादी मी केली होती, वाक्य मी रचलं होतं, अंगठा माझा होता. त्या उत्तरामुळे एका म्हाताऱ्या बाईचं राहतं घर गेलं.

माझा धंदा काय ते सांगायला हवं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथल्या जमिनींचे जुने कागद उर्दूत आहेत. पुढे राज्यं वेगळी झाली. शेतं तिकडे राहिली आणि ते कागद वाचू शकणारी माणसं बहुतेक इकडे, हैदराबादेत. तिकडच्या तहसील कचेरीत आज उर्दू वाचणारा माणूस शोधून सापडत नाही. म्हणून नांदेड, परभणी, बीडकडची माणसं नकला पिशवीत घालून इथे येतात, आम्ही त्यांचं मराठी करतो, शिक्का मारतो, आणि तिकडे तो शिक्का पाहून निकाल लागतात. मूळ कागद नस्तीत असतो, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही. बघून कळणार तरी काय? आम्ही लिहू ते खरं. वीस-बावीस वर्षं मी हे काम केलं, आणि एवढी मोठी सत्ता आपल्या हातात आहे याची भीती मला पहिली पंधरा वर्षं वाटत होती. नंतर वाटेनाशी झाली, तिथेच सगळं बिघडलं.

मला छापील उर्दू येते. पण जुने कागद छापील नसतात. कारकुनांनी ते पळत्या हाताने लिहिलेले, अक्षरं एकमेकांत गुंतलेली, वरचे-खालचे ठिपके गाळलेले. जमिनीचं माप आकड्यांत नाही, वेगळ्याच खुणांत. ते वाचायचे कुद्दूस साहेब. महसूल दप्तरात सारी नोकरी काढून निवृत्त झालेले, उंच, कानात अत्तराचा फाया, बोलणं अस्सल दखनी. सुलतान बाजारात एका पुस्तकाच्या दुकानावर आमची खोली होती. तिथे ते भिंग धरून मोठ्याने वाचायचे, मी मराठीत लिहायचो आणि गिऱ्हाईक समोर बसून ऐकायचं.

गिऱ्हाइकाने बसायचंच, ही कुद्दूस साहेबांची अट होती. आतिथ्य म्हणून नव्हे. ठिपके नसले की एकच नाव तीन तऱ्हांनी वाचता येतं. मग ते भिंग खाली ठेवून विचारायचे, "तुम्हारे दादा के भाई कू घर में क्या बुलाते थे?" गिऱ्हाईक गावाकडे फोन लावायचं. एकदा परभणीकडच्या एका आत्याबाईंनी स्पीकरवर अर्धा तास वंशावळ ओरडून सांगितली, मधेच तिघा चुलत्यांना शिव्या घातल्या, आणि शेवटी ज्या नावासाठी फोन केला होता ते त्या शिव्यांतच निघालं. कुद्दूस साहेब इतके खूश झाले की म्हणाले, "इस बुढ़िया कू दप्तर में रख लेना था."

आणखी एक जण आठवतो. चांगला पोशाख, चारचाकीतून आलेला. तीन पिढ्या त्यांच्या देव्हाऱ्यात एक कागद जपून ठेवलेला होता. घरात समजूत अशी की त्यात कुठल्याशा नवाबाने दिलेल्या गुप्तधनाची जागा आहे. त्याने दार लावून घ्यायला लावलं. कुद्दूस साहेबांनी पूर्ण कागद गंभीरपणे वाचला. पणजोबांची म्हैस सरकारी बागेत शिरून रोपं खाऊन गेली, त्याबद्दल झालेल्या दंडाची ती पावती होती. त्या माणसाने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाला, "साहेब, म्हैस पण आमचीच होती ना?" कुद्दूस साहेब म्हणाले, "हौ जी, पक्की तुम्हारीच. नाम लिखे सो है."

असा एक कागद कधी दोन तास खायचा, कधी दोन दिवस. भाव काम झाल्यावर ठरायचा. गरिबाला कमी, चारचाकीवाल्याला जास्त. त्यात घासाघीस होती, गोंधळ होता. काही लोक नाराज होऊन जायचे, हेही खरं.

अशात कोणीतरी मला रविवारच्या एका शिबिराला नेलं. कुकटपल्लीत थंडगार हॉल, गळ्यात ओळखपत्रं. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना मोठं कसं करायचं, हा विषय. शिकवणारा चटपटीत तेलुगू माणूस, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला म्हणाला, "शिंदे गारू, आप टाइम बेच रहे हैं. आपका बूढ़ा पार्टनर बीमार पड़ा तो धंदा बंद. डिब्बा बनाइए, डिब्बा. अंदर क्या है, कितने का है, कब मिलेगा, सब ऊपर लिखा हुआ." मी वहीत लिहून घेतलं, डबा. मला ते शहाणपण वाटलं. त्या माणसावर मला आज राग नाही. त्याने साबण विकणाऱ्यालाही तेच सांगितलं असेल आणि साबणाला ते लागू असेल. मला इतकी वर्षं कागद काय असतो हे ठाऊक होतं आणि मी त्याचा साबण केला. राग आहे तो या गृहस्थाचा, माझा स्वतःचा.

मी तीन पॅकेजं काढली. साधा, खास, शाही. साध्यामध्ये एक पान, एक बाजू, नऊशे नव्याण्णव रुपये, अठ्ठेचाळीस तास, आणि तयार भाषांतर थेट वकिलाच्या पत्त्यावर. गिऱ्हाइकाने हैदराबादला यायचीही गरज नाही, फोटो पाठवा. पत्रक छापून मी कुद्दूस साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी ते चष्म्याजवळ नेलं.

"ये क्या है जी? साधा, खास, शाही. बिर्यानी का होटल खोल्रे क्या?"

"साब, लोगों कू पहले से भाव मालूम रहता. फसवणूक नईं."

"वो तो अच्छा है. भाव बोलो, कौन ना बोलता? मगर ये एक बाजू कायकू? कागज क्या रोटी है, एक तरफ से सेक के दे देने कू?"

"पीछे शेरेच तो रहते साब."

"शेरेच?" त्यांनी चष्मा काढला. "मियाँ, हुकूम आगे रहता, उस हुकूम का बाद में क्या हुआ वो पीछे रहता. आधा सुना के पूरे का सिक्का मारते तुम?"

मी अठ्ठेचाळीस तासांचं समजावून सांगू लागलो. ते म्हणाले, "सत्तर साल से पड़ा है कागज. अब उसकी कौन सी गाड़ी छूट्री?" मग भिंग रुमालात गुंडाळलं, खिशात घातलं. "नक्को मियाँ. मेरे से नक्को होता ये."

ते जिना उतरून गेले. मला खरं तर हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

कुकटपल्लीत मी दोन खोल्या घेतल्या. तीन वाचक ठेवले, तिघांची उर्दू बरी होती, पण जुन्या कागदांची सवय नव्हती. त्यांच्यासाठी मी नमुने केले. अशा प्रकारचा कागद आला की हा नमुना, फक्त नाव, गाव, माप भरायचं. प्रश्न विचारायला गिऱ्हाईक समोर नाहीच, म्हणून वाचकांनी प्रश्न विचारणं सोडलं. गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला मी बारा तयार उत्तरं लिहिली. काम तिप्पट झालं. स्वतःची समजूत मी अशी घालत होतो की हे गरिबांसाठी आहे, त्यांचा प्रवास वाचतो. प्रवास वाचत होता, खोटं नाही. पण ते इथे येऊन जे ऐकायचे, अडवायचे, "नाही साहेब, आमच्या आज्याचं नाव असं नव्हतं" म्हणायचे, तेही वाचलं, आणि ती माझी बचत होती, त्यांची नव्हे.

सुनंदाताई दिलसुखनगरमध्ये राहतात, एका खाजगी दवाखान्यात बिलिंगला आहेत. मूळ नांदेड जिल्ह्यातलं बौद्ध कुटुंब. वडील कामासाठी इकडे आले, मुलं इथेच शिकली. वडील गेल्यावर आई, राहीबाई, गावी परत गेल्या. गावाबाहेर त्यांची दीड एकर जमीन, त्यावर दोन खणांचं घर आणि बांधलेली विहीर. जमीन राहीबाईंच्या आजेसासूच्या नावची, तुळसाबाईंच्या. आता जवळून रस्ता निघाल्यावर जुन्या पाटलाच्या नातवाने दावा लावला की निजामाच्या काळातच ही जमीन सरकारजमा होऊन आमच्या आजोबांकडे आली. राहीबाईंकडे पुरावा एकच. पत्र्याच्या पेटीतला उर्दू कागद.

सुनंदाताईंनी 'साधा' घेतला. पुढच्या बाजूचा फोटो पाठवला, मागच्या बाजूबद्दल विचारलं, आणि त्यांना माझं सातवं उत्तर गेलं. दोन दिवसांनी भाषांतर पाकिटात बंद होऊन थेट तिकडच्या वकिलाकडे. तारीख तोंडावर होती. त्याने न वाचता जोडून दिलं.

पुढच्या बाजूला काय होतं? पाटलाची तक्रार, की ही जमीन पडीक आहे, बाई कसत नाही. आणि त्यावर हुकूम, की जमीन सरकारजमा करावी. राहीबाईंच्या एकुलत्या पुराव्याचं मी शुद्ध मराठीत, शिक्का मारून, पाटलाच्या बाजूचं निवेदन करून दिलं. निकाल विरोधात गेला. अपिलाची मुदत संपायच्या आधीच त्या लोकांनी जेसीबी आणला. राहीबाई भांडीकुंडी घेऊन विहिरीच्या काठावर बसून राहिल्या, संध्याकाळी लेक जाऊन त्यांना घेऊन आली.

मग सुनंदाताई माझ्या कचेरीत आल्या.

"शिंदे सर तुम्हीच ना?"

"हो. बसा ना."

"बसायला नाही आले. हे वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू येऊ द्या." त्यांनी माझंच भाषांतर समोर टाकलं. "मला मराठी बोलता येतं, वाचायला फार नाही येत. माझी शाळा तेलुगूतली. वकिलानं मला हे वाचून दाखवलं, घर पडल्यावर."

मी काय केलं? मी म्हणालो, "मॅडम, आमच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलंय, एक बाजू."

दुसरी चूक ही. पहिलीपेक्षा मोठी, कारण पहिलीच्या वेळी मी तिला ओळखत नव्हतो. आता ती समोर उभी होती.

त्यांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. "मी विचारलं होतं का नाही? हे काय आहे? आणि हे हात कशाला जोडले होते, सर? कोणाला?"

"मी पैसे परत..."

"ठेवा तुमच्याजवळ! अजून एक पॅकेज काढा त्याच्यात." तिन्ही वाचक माना खाली घालून बसले होते. मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "शिंदे म्हणजे तुम्ही त्यांच्यातलेच. आई म्हणाली मला, नाव विचारून घे आधी. मी म्हणाले, आई, हैदराबादेत तसं नसतं."

मला तो घाव बसला. मी ओरडून सांगणार होतो की मी जात बघून काम करत नाही, मला तो पाटील कोण तेही माहीत नाही. पण सांगून काय होणार होतं? मुद्दाम केलं असतं तर याहून वेगळं काय घडलं असतं? जाताना त्यांनी कागदाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स टेबलावर ठेवली. "तेवढं तरी बघा," म्हणाल्या.

मागच्या बाजूचं पळत्या हाताचं लिखाण मला लागेना. मी जुन्या शहरात कुद्दूस साहेबांच्या घरी गेलो. चार वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. त्यांनी चहा सांगितला, भिंग काढलं आणि हळूहळू वाचू लागले. मी सवयीने मराठीत उतरवत गेलो. तुळसाबाईंनी अर्ज केला होता. त्यावरून अंमलदार स्वतः जागेवर जाऊन आला होता. जमीन वहितीत आहे, विहीर अर्जदाराच्या घरच्यांनी खोदलेली आहे, पाटलाची तक्रार खोटी आहे, शेजारच्या दोघांनी तसा जबाब दिला आहे, सबब पहिला हुकूम रद्द, जमीन अर्जदाराकडे कायम. खाली सही, मोहर. आणि कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा.

"अंगूठा उस औरत काच है," कुद्दूस साहेब म्हणाले. "तहसील तक चल के गई रहेंगी उस जमाने में. और तुम पलट के नईं देखे."

मी म्हणालो, "साब, माफ करो. तुम बोले थे."

ते भडकले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "मेरे से माफी मांग के क्या करते जी? मेरा क्या गया? मैं तो घर में बैठ के आराम से चाय पीरा. जिस का छप्पर गया उस के पास जाओ. और पहले उसका काम करो, माफी बाद में."

काम म्हणजे अपील. नवं, पूर्ण भाषांतर दिलं, आणि सोबत मी शपथपत्र द्यायचं की पहिलं अपुरं होतं. तिकडचा वकील फोनवर म्हणाला, "टंकलेखनातली चूक लिहा ना साहेब. सगळे तेच लिहितात. असं उघड लिहिलंत तर उद्या तुमचं कुठलंच भाषांतर कोणी घेणार नाही." मी त्याला म्हणालो, टंकलेखन ज्याने केलं त्याची चूक नाही. मी लिहिलं की पक्षकाराने मागच्या बाजूबद्दल मला लेखी विचारलं होतं, मी ती न पाहता अनावश्यक ठरवली. सोबत व्हॉट्सॲपच्या त्या संभाषणाची प्रत जोडली. वकिलाचं म्हणणं खरं ठरलं. दोन कचेऱ्यांनी माझी भाषांतरं घेणं थांबवलं. पॅकेजं मी बंद केली, कुकटपल्लीच्या खोल्या सोडल्या, आणि तीन वाचकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांचा काही दोष नसताना. जुन्या सगळ्या एकेका बाजूच्या कामांच्या नस्त्या काढून मी आता ज्यांचे पत्ते लागतात त्यांना फोन करतो. काही जण म्हणतात, आमचं काम झालं, कशाला उकरता? काही जण फोन ठेवून देतात. एकाने विचारलं, याचं वेगळं पॅकेज आहे का?

अपील दाखल झालं आहे. निकाल अजून नाही.

त्यानंतर मी दिलसुखनगरला गेलो. तिसरा मजला, खाली कोचिंग क्लास, जिन्यात मुलांच्या चपलांचा ढीग. सुनंदाताईंनी दार उघडलं. या म्हणाल्या नाहीत, पण बाजूला झाल्या. "आई, ते आलेत. भाषांतरवाले."

राहीबाई खिडकीपाशी शेंगा सोलत बसल्या होत्या. "ज्यानं कागद लिवला त्यो?"

"हो, तोच."

"बस की बाबा. उभा कामून?" मी खाली बसलो. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "शहाणासुरता दिसतूस. मंग मागचं कामून वाचलं नाईस?"

त्या खरंच विचारत होत्या, टोमणा नव्हता.

"दमला व्हतास का?"

"नाही."

"पैसं कमी दिलं व्हतं का पोरीनं?"

"नाही. मी सांगितले तेवढे दिले."

"मंग आमच्यावर काई राग व्हता का तुजा? जातीवरून?"

"नाही आई."

"मंग कामून रं?" शेंग हातातच राहिली होती. "माजी आजेसासू चार दिस उपाशी चालली व्हती त्या कागदापायी. सासू सांगायची. मला वाटलं, कायतरी मोठं कारण आसंल."

दाराशी सुनंदाताई उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. येताना बसमध्ये मी बरंच काही जुळवून आणलं होतं, कामाचा रेटा, वाढलेला पसारा, चार वर्षांची सवय. त्यातलं एकही वाक्य त्या बाईसमोर काढण्यासारखं नव्हतं. मी पुढे सरकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "काहीच मोठं कारण नव्हतं, आई. तुमच्या मुलीने विचारलं आणि मी न बघताच नको म्हणालो. घाई नव्हती, राग नव्हता, मला बघावंसं वाटलं नाही. वर ती दारात आली तेव्हा मी तिलाच अटी दाखवल्या. तुमचं घर माझ्यामुळे पडलं. मी तुमची माफी मागतो. सुनंदाताई, तुमचीही."